रीमाचा घरमालक

माण, ११ नोव्हेंबर २०२५

ती. दत्तोबामामांस,
रुपालीचा साष्टांग नमस्कार.

रविराजदादाच्या गाड्या हल्ली आमच्याच कंपनीला लागल्यात, त्याच्या हातून एक खोका पाठवतेय. आत फोन आहे. घाबरू नका, कुणाचा कॉल येणार नाही. कानांमुळे तुम्ही फोन सोडलात आणि आपण दोघं पुन्हा पत्रांवर आलो, हे मला ठाऊक आहे. या फोनवर फक्त वाचायचं आहे.

माझ्या कामाबद्दल तुम्ही नेहमी विचारता आणि मला नीट सांगता येत नाही. आता हातातच देते. परदेशातल्या एका संस्थेनं आमच्या कंपनीला काम दिलंय. लढाईमुळे देश सोडून आलेल्या माणसांबद्दल लोकांना आपुलकी वाटावी, म्हणून फोनवर खेळायची एक गोष्ट बनवायची. नाव 'दारापलीकडे'. त्यात रीमा नावाची मुलगी आहे. आई आणि लहान भावाला घेऊन ती परक्या गावात आलीय. ती तुम्हाला मेसेज करते. खाली दोन उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. तुम्ही जे निवडाल त्याप्रमाणे गोष्ट पुढे जाते.

रीमा खरी नाही. ती मी लिहिलीय, एसीत बसून, कॉफी पीत. हे आधीच सांगते.

आमचे साहेब प्रज्वल म्हणतात, हिंजवडीतल्या पोरांना दाखवून उपयोग नाही, त्यांना सगळंच आवडतं. कुणीतरी बाहेरचा माणूस हवा. मला तुम्ही आठवलात. आयुष्यभर चाकणला टपाल वाटलंत, लोकांची पोस्टकार्डं वाचून रडलात, असं मामी सांगते. तर वाचा आणि काय वाटतं ते मला लिहा.

मामीला नमस्कार.
तुमची,
रुपाली

येळेमळा, चाकण–निघोजे रस्ता
२० नोव्हेंबर २०२५

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

फोन पोचला. दोन दिवस तसाच कपाटावर होता. मग एकदा थरथरला म्हणून उघडला, तर पोरीचा निरोप. 'आजोबा, तुमच्याकडे थंडी पडली का?' सुरुवातीला वय विचारलं होतं, त्यावरून आजोबा म्हणत असावी. तरी बरं वाटलं.

तुला खोटं वाटेल, पण कान गेल्यापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. ओरडतात. 'जेवा', 'सरका', 'मोटार बंद करा'. थंडी पडली का, असं कुणी विचारत नाही. तुझी मामी माझ्या खांद्यावरून बघून म्हणाली, "कुनाशी बोलताय हो?" मी म्हणालो, एका पोरीशी. "ह्या वयात?" म्हणाली. आता तीही रोज सकाळी चहा घेऊन येते आणि विचारते, रीमाच्या आईचा ताप उतरला का.

एक तक्रार आहे. उत्तरं दोनच का? परवा पोरगी म्हणाली, राहायला जागा मिळत नाही. खाली उत्तरं होती, 'धीर धर' आणि 'मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन'. दोन्ही फुकटची. मला लिहायचं होतं, इकडं ये. माझी मागची खोली रिकामी होतेय. बघ, काही करता आलं तर.

खोली रिकामी होतेय म्हणजे, त्यात एहसान मेस्त्री राहतो तो जाणार आहे. तू त्याला पाहिलंयस, तुझी स्कूटी त्यानंच दुरुस्त केली होती. मूळचा परभणीकडचा. पिंपरीत त्याचं गॅरेज होतं, ते रस्ता रुंदीकरणात गेलं, तेव्हापासून आपल्याकडं आहे. बायको फरहीन शिलाई करते, मुलगी आरफा दहावीला आहे. माणसं साधी. पण आपल्या मळ्यातल्या पोरांनी बैठक घेतली आणि ठरवलं की बाहेरच्यांना खोल्या द्यायच्या नाहीत. बाहेरचे म्हणजे कोण, ते कुणी बोललं नाही. पुढच्या खोलीतला ज्योतीराम लातूरचा आहे, तो बाहेरचा धरला नाही. माझा पुतण्या रविराजच पुढाऱ्यांत, मग मी काय बोलणार? महिनाअखेरीस खोली सोडा म्हणून सांगितलंय.

रीमाही त्यांच्यातलीच आहे, नाही का? पण पोरगी फार गुणी. तिला खोली मिळवून दे.

तुझा मामा,
दत्तोबा

माण, २५ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न.

मामा, तुमच्या पत्रानं कमाल केली! प्रज्वलसरांनी मीटिंगमध्ये ते मोठ्यानं वाचायला लावलं. थंडीचा परिच्छेद वाचताना अर्ध्या लोकांचे डोळे भरून आले. सर म्हणाले, बघा, कधी विमानतळ न पाहिलेला माणूस परदेशी मुलीला खोली द्यायला निघालाय, याच्यासाठीच आपण हे करतोय. (पुढचा भाग मी वाचला नाही. तो घरगुती होता.) फोनमध्ये आतून आपुलकीचे गुण मोजले जातात. सगळ्यांत जास्त तुमचे आहेत.

तिसऱ्या उत्तराचं मात्र जमणार नाही. तुम्ही खोली दिलीत तर गोष्टच संपेल.

एहसानभाईंचं वाचून वाईट वाटलं. तुमच्याही जिवाला लागलं असणार. तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात? ते काय म्हणाले? फरहीनताई काही बोलल्या का? सगळं सविस्तर लिहा, जसं बोललात तसंच. लिहिलं की मन हलकं होतं.

तुमची,
रुपाली

येळेमळा, ५ डिसेंबर २०२५

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. इथं विचारायला कुणी नाही, तुझी मामी तर बोलतच नाही.

मी एहसानला ओट्यावर बोलावलं. चहा सांगितला. म्हणालो, "मेस्त्री, मी काही वाईट माणूस नाही. माझं मन मानत नाही. पण मला इथं चार माणसांत राहायचंय. तुमचं काय, तुम्ही आज इथं, उद्या तिथं. मला इथंच मरायचंय." तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "बरोबर आहे, चाचा." भांडला असता तर बरं झालं असतं. मीच पुढं म्हणालो, "टेम्पोत सामान भरायला माणूस देतो." त्यावर "मेहेरबानी" म्हणाला. चहा मात्र प्यायला नाही.

मग फरहीन बाहेर आली. तुझ्यापाशी काय लपवायचं? ती काहीतरी विचारणार हे मला दिसलं, आणि मी कानातलं मशीन काढून पुसायला घेतलं. ती बोलली. ओठ दिसत होते. 'आरफाच्या परीक्षेपर्यंत', एवढं मला कळलं. तरी मी हातवारे केले की ऐकू येत नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. मशीन मी पुसतच राहिलो.

गेले ते सोमवारी. खोली झाडून, ओटा धुऊन, किल्ली खिडकीत ठेवून गेले. कुठं गेले, विचारलं नाही.

लिहून मन हलकं होतं म्हणतेस. बघू.

रीमाच्या भावाला खोकला झालाय. खाली उत्तरं होती, 'डॉक्टरकडे ने' आणि 'गरम पाणी दे'. मी डॉक्टर दाबलं. बरोबर ना?

दत्तोबा

माण, १२ डिसेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न.

घाईत लिहितेय. पत्र मिळालं. फार उपयोगी पडलं, म्हणजे वाचून मी हलून गेले. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. परिस्थितीच तशी असते.

या रविवारी नक्की येणार होते, पण आता लाँच जवळ आलाय, सगळे शनिवार-रविवार ऑफिसातच. माणहून चाकण काही लांब नाही हे मलाही कळतं.

पुढच्या आठवड्यात फोनवर गोष्टीचा नवा भाग येईल. त्यात घरमालक आहे. सर म्हणतात, आजवरच्या कामातलं हे सगळ्यांत जिवंत पात्र. वाचून कळवा.

डॉक्टर बरोबर.

रुपाली

येळेमळा, २२ डिसेंबर २०२५

चि. रुपालीस,
आशीर्वाद.

नवा भाग आला. तुझ्या त्या घरमालकाला मी भर चौकात उभा करून विचारलं असतं! काय माणूस आहे! रीमाच्या आईला म्हणतो, 'मी काही वाईट माणूस नाही.' अरे, मग कोण वाईट? आणि पुढं काय म्हणतो, तर 'तुमचं काय, तुम्ही आज इथं, उद्या तिथं.' ज्यांचं घर जळलं त्यांना हे ऐकवतो! त्यांनी काय हौसेनं गाव सोडलं? वर म्हणतो, सामान भरायला माणूस देतो. म्हणजे हाकलायचं आणि उपकारही करायचे. असल्या गोडबोल्यापेक्षा शिव्या देणारा परवडला. मी तुझ्या मामीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, माझ्या तोंडाकडं बघत राहिली. बायकांना असल्या गोष्टी फार लागतात.

रीमाची आई त्याला काहीतरी विचारायला पुढं आली आहे. तो काय करतो ते वाचून पुढं लिहितो.

२३ तारीख

काल पत्र अर्धं राहिलं.

त्यानं कानातलं मशीन काढलं आणि पुसायला घेतलं.

रुपाली, हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुझ्या मामीलाही नाही. फक्त तुला.

आज सकाळी तुझ्या मामीला विचारलं, काल तू गप्प का होतीस? तर म्हणाली, "मला वाटलं, तुमी आपलंच सांगताय." मी म्हणालो, त्या वेळी मला अडवलं का नाहीस? "अडवलं की. खोली सोडा म्हून सांगायच्या आदल्या दिवशी घसा बसंपातुर वरडले. तुमच्या कानात मशीन नव्हतं."

आता तुला विचारतो. माझं ते मशीनचं पत्र तुला पोचलं तेव्हा ती माणसं नुकतीच गेलेली होती. पण त्याच्या आधीच्या पत्रात मी कळवलंच होतं, महिनाअखेरीस सोडा म्हणून सांगितलंय. तेव्हा तू मला लिहिलंस, सविस्तर लिहा. असं करू नका, असं लिहिलं नाहीस. तुझं पत्र येईपर्यंत आरफा ओट्यावर बसून अभ्यास करत होती. मी गावाला भ्यायलो. तू कुणाला भ्यायलीस?

फोनवर ती बया दारात उभी आहे आणि खाली दोन उत्तरं आहेत. मी कुठलंच दाबलेलं नाही.

दत्तोबा

माण, ३० डिसेंबर २०२५

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र मिळून चार-पाच दिवस झाले. तीन वेळा लिहायला बसले.

तुमचं नाव कुठेही नाही, मामा. गाव नाही, देशही वेगळा आहे. तो माणूस तुम्ही आहात हे कुणालाही कळणार नाही. लिहिणारे असंच करतात. कुठून तरी घ्यावं लागतं, नाहीतर सगळं पुठ्ठ्याचं होतं. तुमच्यामुळे तो भाग खरा झाला. संस्थेच्या बाई परवा व्हिडिओवर होत्या, मशीन पुसण्याची जागा त्यांनी पुन्हा वाचायला लावली. आणि तुम्ही काही वाईट माणूस नाही.

हे वाक्य लिहिलं आणि कुणाचं आहे ते आठवलं. खोडत नाही, राहू दे.

मी कुणाला भ्यायले? खरं सांगते, कुणालाच नाही. तुमच्या पहिल्या पत्रात एहसानभाईंचं वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, अरे, हे आपल्या गोष्टीत बसेल. वाईट नंतर वाटलं. तेही खरं वाटलं, पण नंतर.

आता एक विचारायचं आहे आणि विचारायला तोंड नाही. गोष्टीला शेवट नाही. संस्थेला थोडा आशेचा शेवट हवा. घरमालकाचं पुढे काय होतं? तुम्हाला काय वाटतं?

रुपाली

येळेमळा, २४ जानेवारी २०२६

चि. रुपालीस,

तुझ्या घरमालकाचं पुढं काय होतं ते मला ठाऊक नाही. माझं झालं ते सांगतो.

टपाल वाटण्यात जन्म गेला, त्यामुळं पत्ता शोधायला मला फोन लागत नाही. चाकणच्या गॅरेजांत विचारत गेलो. माणसं एका स्पेअर पार्टच्या गोडाऊनमागं राहत होती. एक खोली, मधे चादर बांधलेली, चादरीपलीकडं दुसरं कुटुंब. आरफा बाहेर जुन्या टायरवर बसून भूमिती करत होती. मला बघून उठली आणि आत जाऊन म्हणाली असावी, आजोबा आलेत. तीही मला आजोबाच म्हणायची, हे मी विसरलो होतो.

एहसाननं खुर्ची दिली. कानाशी येऊन ओरडला, "चाचा, तब्येत कशी?" मी म्हणालो, खोली रिकामी आहे, परत चला.

त्यावर फरहीन बोलली. या वेळी मी मशीन घट्ट बसवून गेलो होतो, तरी मला ऐकू यावं म्हणून ती मोठ्यानं बोलत होती. त्यामुळं सगळ्या गल्लीला कळलं मी काय केलं होतं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. ती म्हणाली, "किती दिवसांसाठी, चाचा? परत बैठक होईपर्यंत?" मी म्हणालो, तसं नाही, माझी चूक झाली. ती म्हणाली, "तुम्ही लई गोड बोलून काढलं. आता गोड बोलून नेताय. आम्हाला गोड नको. कागद करा."

म्हणजे भाडेकरार. नोंदवलेला, सरकारी. आजवर मी कुणालाच करून दिला नाही, ज्योतीरामलाही नाही. आपल्याकडं कुणीच देत नाही, कारण कागद झाला की माणसाला उठवता येत नाही. एहसान मधे पडायला लागला, "राहू दे गं, चाचा स्वतः आलेत." ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "मागच्या वेळीही तुम्ही बरोबर आहे म्हणालात."

मी म्हणालो, करतो.

तिनं चहा दिला. मी प्यालो. फार गोड होता, तेही मुद्दाम केलं की काय कोण जाणे.

परत आल्यावर रविराजला सांगितलं. तो ओट्यावर येऊन पाऊण तास बोलला. हात नाचवत होता. मी मशीन काढून खिशात ठेवलं होतं, त्यामुळं मुद्दे काही समजले नाहीत. शेवटी तुझी मामी पदर खोचून बाहेर आली, तेव्हा मी मशीन परत कानात घातलं. ती त्याला म्हणाली, "रव्या, त्या पोरीची परीक्षा हाय. तू धाव्वीत गणितात कितींदा बसलास, सांगू का सगळ्यांना?" तेव्हा गेला. दुसऱ्या दिवसापासून सामायिक बोअरचं आमच्याकडचं पाणी बंद आहे. बिघाड झालाय म्हणतात. शेजारी सत्यनारायण झाला, आम्हाला बोलावणं नव्हतं. मामीला ते लागलं, पण मला म्हणाली, प्रसादात साखर जास्तच असते त्यांच्याकडं.

असं आहे. यात आशा आहे का ते तू ठरव.

आता कामाचं. करार नोंदवणारा एजंट लॅपटॉप घेऊन घरी येतो, सगळ्यांचे अंगठे घेतो. पण साक्षीदार दोन लागतात. ज्योतीराम तयार झाला, मात्र त्यानं आधी स्वतःचाही करार करून घ्यायचं कबूल करवलं. दुसरा कुणी मिळत नाही. मळ्यात सगळ्यांना त्या दिवशी लग्नं निघालीत.

तू येतेस का? पुढचा रविवार आहे. आधारकार्ड आण. लिहायचं काही नाही, फक्त तू हजर होतीस एवढंच सांगायचं.

दत्तोबा

माण, १८ फेब्रुवारी २०२६

ती. मामांस,
रुपालीचा साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी माझा अंगठा नीट टेकेना आणि एजंटचं मशीन तीन वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणालं. एजंट हसला, म्हणाला, मॅडम, कर्ज घेताय का? फरहीनताई माझ्याकडे बघत होत्या. तुम्ही आत पाणी आणायला गेलात तेव्हा त्यांनी विचारलं, तू काय करतेस गं? मी सांगितलं. निर्वासितांबद्दल लोकांना आपुलकी वाटावी म्हणून गोष्टी लिहिते. त्या म्हणाल्या, "बरं आहे. पगार देतात का?" मी हो म्हणाले. "मग बरं आहे."

आरफाला गोष्ट दाखवली, तेही सांगते. ती भराभर उत्तरं दाबत गेली. घरमालक आला तशी थांबली, आत तुमच्याकडे बघितलं आणि खुदकन हसली. मला वाटलं होतं, रडेल. म्हणाली, "ताई, ही रीमा सारखी थँक्यू का म्हणते? हिला राग येत नाही?" मी म्हणाले, राग आला तर लोकांना ती आवडणार नाही. ती म्हणाली, "मग राहू दे."

परत आल्यावर मी शेवट लिहिला. घरमालक त्यांना शोधत जातो. रीमाची आई भर गल्लीत त्याला सुनावते. तो कागद करून देतो. गाव त्याचं पाणी तोडतं. जसं झालं तसंच, फक्त चाकणच्या जागी दुसरं गाव. आयुष्यात पहिल्यांदा मला काही बनवावं लागलं नाही.

तो शेवट नापास झाला. ज्या लोकांना दाखवला त्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं, पटत नाही. प्रज्वलसर म्हणाले, "रुपाली, हाकलेपर्यंत सगळं इतकं खरं आहे, आणि मग एकदम सिनेमा. असं कोण करतं?" मी म्हणाले, माझा मामा करतो. मीटिंगमध्ये सगळे हसले. संस्थेच्या बाई फार प्रेमानं म्हणाल्या, शेवट गोड आहे, पण आपण वास्तवाशी प्रामाणिक राहायला हवं. आणि चिडणारी आई त्यांना जरा कठोर वाटली. तिच्याबद्दल आपुलकीचे गुण एकदम खाली येतात.

त्यामुळे आता रीमाची आई दारात उभी राहते आणि गोष्ट तिथेच संपते. पडद्यावर एक वाक्य येतं, 'तुम्ही काय केलं असतं?' खाली दोन बटणं आहेत. मित्रांना पाठवा आणि पुन्हा खेळा.

परवा लाँच झाला. बालेवाडीच्या एका हॉटेलात. लोक उठून टाळ्या वाजवत होते. एक गृहस्थ रुमालानं डोळे पुसत मला भेटायला आले, म्हणाले, मी हादरलो. त्यांचे वाकडला चार फ्लॅट आहेत. मी विचारलं, कुणाला देता? म्हणाले, "फक्त फॅमिली, आणि आपल्यातलेच." मी त्यांना तिथेच काहीतरी बोलले. काय बोलले ते सरांनी मला नंतर लेखी विचारलंय. उत्तर द्यायचंय.

आरफाला परीक्षेसाठी शुभेच्छा सांगा.
तुमची,
रुपाली

येळेमळा, ११ मार्च २०२६

चि. रुपालीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीला वाचून दाखवलं. वास्तवाशी प्रामाणिक म्हणजे काय, असं तिनं विचारलं. नोकरी जाणार असेल तर आधी कळव, नंतर नको. पुढच्या खोलीचं ज्योतीरामशी बोलून बघता येईल, पण आता त्याच्याकडंही कागद आहे, त्यामुळं त्याची मर्जी लागेल.

आरफाचे पेपर चालू आहेत. भूमिती बरी गेली म्हणते. ती घरात अभ्यास करत असते तेव्हा मला टीव्हीचा आवाज वाढवायची बंदी आहे. मला तसंही ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्यानं लावतो, तर फरहीनबाई येऊन बंद करून जाते. माझ्याच घरात.

पाणी अजून आलेलं नाही. टँकर मागवतो. ती म्हणते, करारात पाणी घरमालकानं द्यायचं लिहिलंय, टँकर तुमच्या माथी. मी म्हणालो, पाणी कुणामुळं बंद झालं? ती म्हणाली, "माझ्यामुळं न्हाई, तुमच्या पुतण्यामुळं." यावर चार दिवस बोलणं बंद होतं. एहसान मधल्या मधे दोघांना सलाम करत फिरत होता. मग तुझी मामी म्हणाली, बाई बोलतेय ते बरोबर आहे, आणि माझ्याच घरात मी एकटा पडलो.

तुझ्या फोनवर रीमा अजून अधूनमधून विचारते, आजोबा, कसे आहात? काहीही दाबलं तरी ती म्हणते, तुम्ही फार चांगले आहात. कितीदा ऐकायचं? पोरगी गुणी आहे, पण तिच्याशी आता फार वेळ बोलवत नाही. इथं दिवसभर वाद घालून दमायला होतं.

काल फरहीनबाईनं नवीन काढलंय. मागच्या भिंतीला ओल आहे, ती पावसाळ्याआधी दुरुस्त करून द्या. मी म्हणालो, गेली तीन वर्षं तू तिथं राहतेस, ओल तेव्हाही होती, तेव्हा का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तेव्हा बोलले असते तर तुम्ही राहू दिलं असतं का?"

याला काय उत्तर द्यावं ते तूच लिहून पाठव, लिहिणं तुझं काम आहे. आता पत्र पुरं करतो. ती दारात येऊन उभी आहे आणि चेहरा काही बरा दिसत नाही.

तुझा मामा,
दत्तोबा